सातवी अ, हजेरी क्रमांक एक

सरांना पहिला धक्का बसला तो सकाळच्या चहाच्या वेळी, आणि तो आला बायकोच्या मोबाइलमधून.

"अहो," बायको म्हणाली, "आपल्याला मुलं किती?"

सर दाढी करत होते. सकाळी सकाळी बायकोने असा प्रश्न विचारला की माणूस आधी गप्प बसतो आणि मग जपून बोलतो. "एक," सर जपून म्हणाले. "मुलगी. नोकरीला लागली. परगावी असते. का?"

"मग हा दुसरा कोण?" आणि तिने मोबाइल लांब धरून, पोस्टाच्या खिडकीमागे बसून कमावलेल्या खणखणीत आवाजात वाचलं, "'प्रिय पालक, आपला पाल्य या आठवड्यात वर्गात रोज उपस्थित होता, परंतु त्याने एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. पहिल्या धड्याची चाचणीही दिलेली नाही. कृपया घरी त्याच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे. इयत्ता सातवी अ, हजेरी क्रमांक एक.' आणि खाली नाव तुमचं. तुमच्या वडिलांच्या नावासकट."

सरांचा हात गालावरच थांबला. अर्धी दाढी तशीच ठेवून ते बाहेर आले, मोबाइल हातात घेतला, चष्म्यातून वाचला, चष्मा काढून वाचला. नाव त्यांचंच होतं. जन्मतारीखही त्यांचीच होती, आणि तिच्यापुढे यंत्रणेने एक काळजीचा शेरा मारला होता: 'वयाच्या मानाने मागे'.

आतल्या खोलीतून आईने विचारलं, "काय झालं गं?"

"यांच्या शाळेतून निरोप आलाय, आई. अभ्यास करत नाहीत म्हणे."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. तिला हल्ली थोडं कमी ऐकू यायचं, पण हे नेमकं ऐकू आलं. "सातवीत पण असंच करायचा."

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. सर सातवीला विज्ञान शिकवत. या वर्षी वरून आदेश आला होता की सातवीचं विज्ञान यापुढे डिजिटल अभ्यासक्रमातूनच शिकवायचं. त्यातला 'च' आदेशातलाच, आणि त्याच्याखाली रेघही होती. त्यानुसार सुट्टीत वर्गातला फळा उखडून तिथे भिंतभर पडदा बसवला गेला, प्रत्येक मुलाला एकेक टॅब मिळाला, आणि पाठ्यपुस्तकांचे नवे कोरे गठ्ठे सुतळीसुद्धा न सोडता प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात गेले. कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, पर्समध्ये गेली. पडद्यावर एक बाई यायच्या. सदा हसतमुख, अंगावर खडूचा कण नाही, आवाज मधात घोळवलेला. धडा त्या शिकवायच्या. मुलांनी त्यांचं नाव 'पडदाबाई' ठेवलं होतं. सरांनी काय करायचं याचं दिवसभराचं प्रशिक्षण झालं होतं आणि त्याचं सार असं होतं, की रिमोटवरचं 'पुढे' हे बटण दाबायचं आणि गप्प उभं राहायचं. सर उभे राहत. आपल्याच वर्गात हात कुठे ठेवावेत हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळेनासं झालं होतं.

या अभ्यासक्रमाचं एक थोर तत्त्व होतं: कोणीही मागे राहू नये. म्हणून वर्गातली सगळी मुलं एका धड्याच्या चाचणीत पास झाल्याखेरीज दुसरा धडा उघडतच नसे. सातवी अ ची मुलं पहिल्या धड्यात पहिल्याच दिवशी पास झाली. सरांना कौतुक वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं वाईटही वाटलं. पण दुसरा धडा काही उघडेना. पडद्यावर लाल अक्षरं यायची: 'एक विद्यार्थी बाकी'. आठवडाभर सर एकेका पोराकडे संशयाने बघत होते. शुक्रवारी तर त्यांनी रिमोट टेबलावर आपटून सगळ्या वर्गाला सुनावलं होतं, "जो कोणी असेल त्याने निमूट अभ्यासाला लागावं! एकट्याच्या आळसामुळे सगळ्यांचं नुकसान होतंय. लाज वाटली पाहिजे!"

तो एकटा आळशी कोण, हे आता सरांना कळलं होतं. अर्धी दाढी राहिलेल्या गालावरचा साबण वाळून गेला तरी ते तसेच उभे होते.

शाळेत पोचल्या पोचल्या त्यांनी कॉम्प्युटरचं खातं सांभाळणाऱ्या तरुण शिक्षकाला गाठलं. या शिक्षकाचं खरं नाव सगळे विसरले होते. कुठलाही बिघाड सांगा, त्याचा उपाय एकच असायचा, म्हणून सगळे त्याला 'रीस्टार्ट' म्हणत. रीस्टार्टने पडद्यावर बघितलं, डोकं खाजवलं आणि उलगडा केला. मुलांची नावं यंत्रणेत चढवताना यादीच्या माथ्यावर वर्गशिक्षक म्हणून सरांचं नाव लिहिलेलं होतं. यंत्रणा वरून वाचत खाली आली. पहिलं नाव म्हणजे पहिला विद्यार्थी.

"आणि बायकोचा नंबर पालक म्हणून कसा गेला?"

"सर, तुमचा मोबाइल साधा आहे ना, बटणांचा. म्हणून तुम्हीच वहिनींचा नंबर दिला होता. यंत्रणेला वाटलं, विद्यार्थ्याने दिलेला नंबर आईचाच असणार."

सर खुर्चीत बसले. "मग दुरुस्त कर."

"तसं सोपं आहे," रीस्टार्ट म्हणाला. ज्याअर्थी तो 'तसं' म्हणाला त्याअर्थी ते सोपं नव्हतं. विद्यार्थ्याची माहिती बदलायची तर वर्गाच्या शिक्षकाने यंत्रणेत शिरून बदलायची. सातवी अ ला यंत्रणेत शिक्षक नव्हता. शिक्षक नेमायचा तर त्याचं नाव दुसरीकडे कुठे नोंदलेलं असता कामा नये. सरांचं नाव नोंदलेलं होतं. सातवी अ मध्ये. विद्यार्थी म्हणून.

"मला शाळेतून काढून टाका," सर म्हणाले.

"चाचणी बाकी असताना विद्यार्थ्याला काढता येत नाही, सर. कोणीही मागे राहू नये."

मदतकेंद्राला फोन लावला. सरांनी घसा साफ केला आणि सगळा प्रकार सविस्तर सांगितला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळा, आम्ही विद्यार्थ्यांशी थेट बोलत नाही. घरात कोणी मोठं आहे का?"

"मीच मोठा आहे! मी बावन्न वर्षांचा आहे!"

"पुष्कळ मुलं असा आवाज काढून फोन करतात," बाई म्हणाल्या. "तुझा बराच जमलाय. आईला दे."

आयुष्यभर ज्या माणसाने मुलांना 'पालकांना घेऊन ये' म्हणून सांगितलं, त्याच्यावर हे ऐकायची वेळ आली होती.

रीस्टार्टला दया आली. त्याने आपला ठेवणीतला उपाय काढला. नुसता पडदा बंद करून भागणार नाही, म्हणाला, सगळंच एकदा बंद करून चालू करू. आणि त्याने शाळेचा मुख्य खटका खाली ओढला. पंखे थांबले, ऑफिसातला प्रिंटर एका दाखल्याच्या मध्यात अडकला, घंटा विजेवर चालणारी असल्यामुळे मधली सुट्टी झालीच नाही आणि पाचवीची मुलं डबे मांडीवर घेऊन वाट बघत बसली. पंधरा मिनिटांनी खटका वर गेला. यंत्रणा जागी झाली, तिने सातवी अ ची सगळी माहिती नव्याने तपासली, आणि तिला आढळलं की या वर्गाला वर्गप्रमुख नाही. तिने हजेरी क्रमांक एकला वर्गप्रमुख नेमलं.

वर्गाला वर्गप्रमुख होती. दोन वेण्यांची, तिखट, भांडून निवडून आलेली मुलगी. टॅबवर 'आपले पद संपुष्टात आले आहे' असं वाचून ती रडत घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ते जुन्या गाड्या भंगारात काढायचे, आणि त्यांच्याकडे बघून गाड्या आपणहून सुट्या होत असाव्यात असं वाटे.

"माझ्या पोरीला काढून कोणाला प्रमुख केलंत?" त्यांनी विचारलं.

सरांनी खोल श्वास घेतला. "मला," ते म्हणाले.

भंगारवाले बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग काही न बोलता निघून गेले. सरांना वाटलं, दोन शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतीत पसरली. वरच्या मजल्यावरचे अण्णा कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि प्रतिज्ञापत्राशिवाय जगात काही होत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. "आपण विद्यार्थी नाही असं प्रतिज्ञापत्र करा," ते जिन्यातच म्हणाले. "दोन साक्षीदार लागतील. एक मी होतो. पण मी तुम्हाला शिकवताना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, तुम्ही शिक्षक आहात हे मी शपथेवर सांगू शकणार नाही." समोरच्या दारातल्या वहिनी जास्त व्यवहारी निघाल्या. "भावजी, एवढा त्रास कशाला करून घेता? पास होऊन टाका की. आमच्या धाकट्याला लावलीय ना शिकवणी, त्याच्याबरोबर बसत जा."

"वहिनी, मी तो विषय शिकवतो!"

"हो ना, मग तुम्हाला सोपं जाईल."

आणि खरंच, चिडून का होईना, सरांना ते पटलं. एक चाचणी. सातवीचं विज्ञान. उष्णतेचं वहन. हा धडा ते झोपेत शिकवू शकत होते, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे एक-दोनदा शिकवलाही होता. दुसऱ्या दिवशी वर्गातच त्यांनी हजेरी क्रमांक एकचा टॅब घेतला आणि सगळ्या मुलांसमोर ऐटीत चाचणीला बसले.

पहिला प्रश्न रिकामी जागा भरायचा होता: 'धातू उष्णतेचे ____ आहेत.' सरांनी लिहिलं, 'चांगले वाहक'. लाल फुली आली. यंत्रणेला 'सुवाहक' हवं होतं. दुसरा प्रश्न थोडक्यात उत्तर द्यायचा होता. सरांनी जीव ओतून उत्तर लिहिलं, दोन उदाहरणं दिली. 'उत्तर मर्यादेबाहेर,' फुली. तिसऱ्यात चूक की बरोबर ते सांगायचं होतं: 'हवा उष्णता वाहून नेत नाही.' सर विचारात पडले. नेते, पण फार थोडी. म्हणजे चूक, पण मुलांना सांगताना आपण काय सांगतो? एवढ्यात वेळ संपली. चष्मा लावलेलं एक घुबड उड्या मारत पडद्यावर आलं आणि म्हणालं, 'हरकत नाही मित्रा! तू नक्की करशील!'

सर नापास झाले होते.

दुसऱ्या खेपेला 'सुवाहक' बरोबर आलं, पण बाकीचे प्रश्न बदलले होते. घुबड पुन्हा आलं. आता एकच संधी उरली होती. तेव्हा दोन वेण्यांची माजी वर्गप्रमुख जागेवरून उठली. तिला सरांची कीव आली असावी. ती त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली, "सर, तुम्ही प्रश्न कशाला वाचता? रिकामी जागा आली की ती सोडायची. खाली पर्याय येतात. त्यातलं सगळ्यात लांब उत्तर दाबायचं. ते बरोबरच असतं."

सरांनी मान वर केली. "तुम्ही सगळे असे पास झालात?"

"हो सर," ती म्हणाली. तिच्या स्वरात लपवाछपवी नव्हती. शाळेत यायचा जवळचा रस्ता सांगावा तसं ती सांगत होती.

घुबडापेक्षा हा धक्का मोठा होता. सरांनी मुलांकडे बघितलं. मुलं आशेने त्यांच्याकडे बघत होती, की सर आता शहाण्यासारखं लांब उत्तर दाबतील आणि सगळे एकदाचे दुसऱ्या धड्यावर जातील. पण सरांचा स्वाभिमान नेमका याच क्षणी ताठ उभा राहिला. "मी उत्तर वाचून देणार," ते म्हणाले. त्यांनी ते वाचून दिलं. घुबड आलं, पण या वेळी त्याने उड्या मारल्या नाहीत. 'तीन प्रयत्न संपले. पालक प्रत्यक्ष वर्गात येऊन एक तास बसेपर्यंत तुझे खाते बंद राहील.'

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पडदाबाई रोज येत आणि रोज तोच धडा शिकवत. मुलांना तो त्यांच्या हसण्यासकट पाठ झाला. त्या जिथे मान कलती करत तिथे सगळा वर्ग मान कलती करी. सरांना ते बघवेना. एक दिवस त्यांनी पडद्याचा आवाज बंद केला आणि पुढचा धडा तोंडी शिकवायला सुरुवात केली. फळा नव्हता, पुस्तक नव्हतं, तरी पंधरा मिनिटं रंगली. टॅब ऐकत होते. संध्याकाळी बायकोच्या मोबाइलवर निरोप आला: 'आपला पाल्य तासाला सतत बोलतो व इतर विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित करतो.'

"खरं आहे का हे?" बायकोने विचारलं.

"अगं, मी शिकवत होतो!"

"बघते मी," ती म्हणाली. मुलगी लहान असताना ती अगदी याच स्वरात 'बघते मी' म्हणायची, आणि मग खरंच बघायची.

खरा हादरा अजून बाकी होता. मोठ्या बाईंनी सरांना खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मोठ्या बाई सहसा कोणाला पाणी विचारत नसत.

"सर, वरून साहेब येताहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या शाळांत आपली सातवी अ शेवटची आहे. पण ते राहू द्या. त्यांनी यंत्रणेत बघितलं. सातवी अ ला विज्ञानाचा शिक्षक नाही. तरी वर्ग रोज भरतो, धडा रोज चालतो. म्हणजे…" त्यांनी ग्लास आणखी पुढे सरकवला. "म्हणजे त्या जागेची गरज नाही, असं त्यांचं मत झालंय. ती जागा कमी करायची म्हणतात."

"ती जागा म्हणजे मी," सर म्हणाले.

"हो."

"पण मी रोज तिथे उभा असतो!"

"विद्यार्थी म्हणून, सर," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "हजेरी मात्र तुमची पूर्ण आहे."

आतापर्यंतचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पुढेमागे त्यांनी स्वतःच ते चारचौघांत सांगितलं असतं. पण नोकरी? फळा काढला तेव्हा ते काही बोलले नव्हते. पुस्तकं कपाटात गेली तेव्हाही नाही. आता पाळी त्यांची होती, आणि त्यांना काढायला कोणी हातोडी घेऊन येणार नव्हतं. एका रकान्यात ते नव्हते, एवढंच. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली, सगळं ऐकलं, आणि विचारलं, "साहेब कधी येणार?"

"परवा."

"मग मी पण परवाच येते. नाहीतरी पालकाला एक तास बसायचंच आहे."

आलीही. पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन ती शेवटच्या बाकावर बसली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने सरांना शिकवताना एकदाही बघितलं नव्हतं. तिच्या शेजारच्या बाकावर साहेब बसले. साहेब अंगाने भरलेले होते आणि सातवीचं बाक काही त्यांच्या मापाचं नव्हतं. ते एकदा आत शिरल्यावर बाहेर कसे येणार ही काळजी मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

सरांनी 'पुढे' दाबलं. पडदाबाई हसल्या. वर्गही हसला, तितकाच. "उष्णतेचे वहन म्हणजे काय?" पडदाबाईंनी विचारलं आणि सगळा वर्ग एका सुरात गरजला, "पदार्थाच्या उष्ण भागाकडून थंड भागाकडे होणारे उष्णतेचे संक्रमण म्हणजे उष्णतेचे वहन होय!"

"वा!" साहेब म्हणाले. "उत्कृष्ट! आणि हे शिक्षकाशिवाय!"

सर भिंतीला टेकले. संपलं, त्यांना वाटलं.

"मी एक विचारू का मुलांना?" मागून आवाज आला. पोस्टाच्या खिडकीमागचा तो आवाज कोणी नाही म्हणावं असा नव्हता. साहेबांनी मान हलवली. "मुलांनो," बायको म्हणाली, "थंडीत सकाळी उठून फरशीवर अनवाणी पाय ठेवला की कसा गार लागतो? आणि शेजारीच पायपुसणं असतं. त्यावर ठेवला की नाही लागत. दोन्ही एकाच खोलीत, रात्रभर. मग पायपुसणं गरम असतं का?"

मुलांनी पडद्याकडे बघितलं. पडदाबाई मान कलती करून नुसत्या हसत होत्या. एकाने टॅबवर बघितलं, पण तिथे पर्याय आले नव्हते. मग मागच्या एकाने भीत भीत तीच व्याख्या पुन्हा म्हटली, आणि ती इतकी केविलवाणी वाटली की अर्ध्यातच त्याचा आवाज विझला.

साहेबांचा चेहरा उतरला. सरांचाही. इतके दिवस त्यांना स्वतःच्या अपमानाचं पडलं होतं. समोर चाळीस मुलं बसली होती, सगळी पास, आणि त्यांतल्या एकालाही आपल्या पायाला गार का लागतं ते माहीत नव्हतं.

सरांनी रिमोट टेबलावर ठेवला. "चपला-बूट काढा," ते म्हणाले. "सगळ्यांनी. मोजेसुद्धा."

वर्गात एकच झुंबड उडाली. मुलं फरशीवर उभी राहिली, मग दप्तरांवर, मग पुन्हा फरशीवर. "एक हात बाकाच्या लाकडावर ठेवा, दुसरा त्याच्या लोखंडी पायावर. गार कोण?" "लोखंड, सर!" "लोखंड रात्री फ्रीजमध्ये ठेवलं होतं का?" हशा. "मग? प्रयोगशाळेतून तापमापी आणा." आणली. लाकडाला लावली, लोखंडाला लावली. पारा जिथल्या तिथे. मुलांचे डोळे विस्फारले. "सारखंच आहे!" दोन वेण्यांची ओरडली. "मग गार का लागतं?" सरांनी उत्तर दिलं नाही. ते थांबले. हे थांबणं पडदाबाईंना कधी जमलं नव्हतं. मुलगी लोखंडाला हात लावून उभी राहिली, तिच्या भुवया जवळ आल्या, आणि मग ती हळू म्हणाली, "सर, ते… ते गार नाहीये. ते आपल्या हातातली ऊब घेऊन जातंय. लाकूड घेत नाही पटापट."

"शाब्बास," सर म्हणाले.

मागे काहीतरी करकरलं. साहेब बूट काढून एक पाय फरशीवर आणि एक आपल्या बॅगेवर ठेवून उभे होते. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "खरंच की हो," ते पुटपुटत होते. "मला हे कोणी सांगितलंच नाही."

तास संपल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत साहेब सरांना म्हणाले, "तुमची नोंद चुकलीय, ती मी आत्ता दुरुस्त करतो. माझ्या अंगठ्याच्या ठशाने होते. तुम्ही विद्यार्थी राहणार नाही. जागेचं मात्र मी सांगू शकत नाही. मला आवडलं, पण अभ्यासक्रमात शिक्षकाला जागाच ठेवलेली नाही, तर मी तुम्हाला कुठे बसवू?" आणि त्यांनी अंगठा पुढे केला.

"एक मिनिट, साहेब," बायको म्हणाली. तिने पर्समधून मोबाइल काढला. "रोज निरोप यायला लागले तेव्हा मी यात सगळं वाचून काढलं. 'पालकांचे अधिकार' म्हणून एक पान आहे. पाल्याला पडद्यावरून शिकवायला पालकाची संमती लागते. बाकीच्यांची प्रवेशाच्या वेळीच घेतली होती. माझी कोणी घेतलीच नाही. आणि एका पालकाने नाही म्हटलं, तर त्या मुलाला एकटं पाडायचं नाही; सगळ्या वर्गाला पुस्तक आणि प्रत्यक्ष शिक्षक द्यायचा. कोणीही मागे राहू नये." तिने चष्मा वर सरकवला. "माझं 'नाही' आहे."

साहेबांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हणजे शिक्षक द्यावाच लागेल," ते म्हणाले. "जागा ठेवावीच लागेल, आणि ती यंत्रणेत नाही, कागदी आदेशाने भरता येते. नियमच आहे." मग त्यांचा अंगठा हवेतच थांबला. "पण मी यांची नोंद दुरुस्त केली, तर हे विद्यार्थी राहणार नाहीत. मग तुम्ही पालक राहणार नाही."

तिघंही सरांकडे बघू लागले.

सरांच्या डोळ्यांपुढून घुबड गेलं, भंगारवाले गेले, जिन्यातले अण्णा गेले. त्यांची मान क्षणभर खाली गेली आणि मग वर आली.

"राहू द्या, साहेब," सर म्हणाले. "मी सातवीतच बरा आहे."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी पर्समधून किल्ली काढली. लोखंडी कपाट उघडलं, सुतळ्या कापल्या गेल्या, आणि नव्या पुस्तकांचा वास व्हरांड्यात पसरला. वाटप नियमाप्रमाणे होतं: हजेरीवर असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक, स्वतः रांगेत उभं राहून, सही करून. शिक्षकांसाठी वेगळी प्रत आलेलीच नव्हती. तेव्हा सरही रांगेत उभे राहिले, डोक्याने सगळ्यांच्या वर, हात मागे बांधून. कपाटापासून अंतर फार नव्हतं, पण रांग काही हलेना, आणि आपल्याही नकळत सर टाचा उंचावून पुढे झुकले.

पुढचा मुलगा वळला. "सर," तो कळवळून म्हणाला, "ढकलू नका ना."